आईबापाला सुट्टी

मे महिना लागला की लोक आंब्याच्या पेट्या बघतात, लग्नाच्या तिथी काढतात. मी छत्री काढते. काळी, एक काडी मोडलेली, पण सावली चोख देणारी. जिल्हा परिषदेच्या शिक्षकांना उन्हाळाभर आराम असतो असं ज्यांना वाटतं, त्यांनी एकदा भर दुपारी आमच्याबरोबर वस्त्यांवर फिरून बघावं. शाळेला कुलूप असतं, पण हातात यादी असते. ज्या घरात सहाव्या वर्षात पडलेलं पोर आहे, त्या घरासमोर जाऊन उभं राहायचं आणि म्हणायचं, "येऊ का? शाळेतून आलोय." जूनमध्ये पहिलीच्या पटावर कुणाकुणाची नावं लागणार, हे या फिरण्यावर ठरतं. पट घसरला की आधी एक शिक्षक जातो आणि मग हळूहळू शाळाच जाते.

यंदाही केडगावहून सकाळची एसटी धरली, सोनईला उतरले आणि तिथून तांबे सरांच्या मोटारसायकलवर मागे बसून वस्तीवर गेले. आमची शाळा दोन खोल्यांची, दोन शिक्षकांची. एक मी, दुसरे तांबे सर. मुख्याध्यापक, कारकून आणि शिपाईही मीच, त्यामुळे माझा माझ्यावरच बराच वचक आहे. रस्त्याच्या एका बाजूला उसाची हिरवी भिंत आणि दुसऱ्या बाजूला नांगरून टाकलेलं उघडं रान. उसाजवळून जाताना अंगाला गारवा लागतो, रानाजवळ आलं की पुन्हा तोंड भाजतं. कांद्याच्या चाळी नुकत्या भरलेल्या असतात. त्यांचा तो उग्र, किंचित गोडसर वास पदराला चिकटतो आणि संध्याकाळी घरी गेल्यावर माझी लेक नाक मुरडून म्हणते, "आई, आज कुठल्या वस्तीवर गेली होतीस ते सांगू नकोस, कळलं."

मला हा ऋतू आवडतो, हे मी कुणाला सांगत नाही, कारण लोक वेड्यात काढतील. पण मे महिन्यात घरं जशी उघडी सापडतात तशी एरवी सापडत नाहीत. गच्चीवर, ओट्यावर, बाजेवर, जिथे ऊन तिथे वाळवण. जुन्या साड्या अंथरलेल्या, त्यांवर कुरडया, शेवया, उडदाचे पापड. तीन दिवस भिजलेल्या गव्हाचा आंबूस वास. कढईतला चीक वाटीत घालून, वर साखर घालून दिला की तो जिभेला चटका देतच घशाखाली उतरतो. चिमण्यांवर राखण करायला बसवलेली पोरं स्वतःच ओल्या कुरडया खातात आणि चिमण्यांचं नाव सांगतात. अशा घरात शिरलं की पोराचं वय विचारण्याआधी पोराची आई हातातलं काम दाखवते, मग त्या कामाचं कौतुक करावं लागतं, आणि ते मी मनापासून करते.

आमच्या घरात मास्तरकी चार पिढ्यांची. माझे पणजोबा ख्रिस्ती झालेल्या पहिल्यावहिल्या घरांतले. पाठीवर पाट्यांचं ओझं घेऊन ते गावोगाव फिरत आणि "पोरं द्या" म्हणत. लोक दार लावून घेत. पणजोबा दाराबाहेर बसून मोठ्याने पाढे म्हणत. आतली पोरं ते ऐकून पाठ करत आणि महिन्याभरात दार उघडे, असं आमच्या घरात सांगतात. खरं किती, भर किती, देव जाणे. पण दारोदार फिरण्याची मला लाज वाटत नाही, उलट छाती फुगते, ती त्यांच्यामुळे.

दोन वर्षांपूर्वीच्या मे महिन्यात मात्र छाती फुगवण्यासारखं काही नव्हतं. यादीत सहा पोरं होती आणि सहाही घरांनी आधीच ठरवून टाकलं होतं. सकाळी डांबरी रस्त्यावर पिवळी व्हॅन येते, टाय बांधलेली पोरं तिच्यात बसतात आणि इंग्रजी शाळेत जातात. "बाई, तुमी चांगल्याच हाय, पन जमाना इंग्रजीचा हाय," असं मला सहा ओट्यांवर सहा जणांनी ऐकवलं. पहिलीत एकही नाव लागेल असं दिसत नव्हतं. तसं झालं असतं तर तांबे सर अतिरिक्त ठरून कुठेतरी लांब गेले असते आणि चारही वर्ग एकटीच्या गळ्यात पडले असते. तांबे सर मोटारसायकल जरा सावकाश चालवत होते.

जाहिरातीची कल्पना त्यांचीच. पण त्यातला खवचटपणा माझा, ते मी नाकारत नाही. इंग्रजी शाळेतल्या पोरांना 'प्रोजेक्ट' नावाचं प्रकरण असतं. थर्माकोलचं घर, कापसाचे ढग, आइस्क्रीमच्या काड्यांचा पूल. पोरांना मिळतं आणि आया करतात, हे सगळ्या वस्तीला ठाऊक. आम्ही त्यावर मोबाईलवर एक छोटा व्हिडिओ काढला. आई झाल्या आमच्या शाळेत खिचडी शिजवणाऱ्या मंदाताई. बाप झाले तांबे सर. बाहेर व्हॅनचा हॉर्न वाजतोय, आई घाईघाईने थर्माकोलच्या घराला डिंक लावतेय, केसांत पांढरे दाणे अडकलेत, आणि पोरगं निवांत चहात बिस्किट बुडवतंय. बाप विचारतो, "अगं, साळंत जातंय कोन? त्यो का तू?" मंदाताई मान वर न करता म्हणतात, "मीच! मागल्या साली केजी झाले, औंदा शिनियरला हाय. निकाल लागला की पेढं वाटा." शेवटी मी शाळेच्या दारात उभी राहून म्हणते, "आपल्या शाळेत या. इथं अभ्यास पोराला, आईबापाला सुट्टी."

मंदाताईंनी हे एका दमात, एकदाही न चुकता म्हटलं. मी तीनदा चुकले.

गावच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकला तेव्हा लोक हसले. हसणारी तोंडं मी मोजली नाहीत, पण वर सरकवता सरकवता बोट दुखलं. दुसऱ्या दिवशी कुणीतरी तो उचलून फेसबुकवर टाकला आणि वर लिहिलं, "सरकारी शिक्षिकेकडून कष्टकरी आयांची टिंगल." मग काय, आयतंच कोलीत मिळालं. नगरमधले, पुण्यातले, परदेशातले, ज्यांनी आमची वस्ती नकाशावरही पाहिली नसेल असे लोक आमच्यावर चिडले. आईच्या मायेची चेष्टा केली. बापाला बिनकामाचा दाखवला. शिक्षक असून असली गावंढळ भाषा! इंग्रजी येत नाही म्हणून पोटदुखी. आधी तुमची मुलं कुठे शिकतात ते सांगा. माझी लेक माझ्याच वर्गात, माझ्याच हातचे फटके खाऊन शिकली, पण उत्तराला थांबायला कुणाला वेळ नव्हता. एकाने माझं आडनाव शोधून त्यावरून जे लिहिलं, ते इथे लिहून मी कागद खराब करणार नाही.

वरून फोन आला. "बाई, तुमचा हेतू चांगला होता, माहितीये. पण काढून टाका आणि दोन ओळी दिलगिरीच्या टाका. प्रकरण वाढायला नको." मी "बघते" म्हटलं. नोकरी करणाऱ्या माणसाच्या तोंडी 'बघते' हा फार उपयोगी शब्द आहे.

मला काळजी मंदाताईंची होती. त्यांच्या चेहऱ्यावर कुणी गाढवाचं चित्र चिकटवलं होतं. मी त्यांच्या घरी गेले तर त्या ओट्यावर गहू निवडत बसलेल्या.

"मंदाताई, वाईट वाटलं असंल तर आजच काढून टाकते."

"कशापायी?" त्यांनी सूप खाली ठेवलं. "म्या चोरी केली का चहाडी? आख्खं आयुष्य चुलीम्होरं गेलं बाई, कुनी फोटू काढला न्हाई. आता कुठं मानसं वळखाया लागली तर तुमी पुसून टाकता व्हय? आन् दिलगिरी म्हंजी काय ओ?"

"माफी."

"मंग न्हाई मागायची," त्या म्हणाल्या आणि पुन्हा सुपातले खडे वेचायला लागल्या.

मी माफी मागितली नाही. ज्यांना आमच्या शाळेच्या पटाशी काही देणंघेणं नाही, त्यांच्यापुढे मान खाली घालायला मी तयार नव्हते. माझा स्वभावच तसा. आई म्हणायची, हिला वाकवायचं तर आधी मोडावं लागेल. त्या आठवड्यात मी स्वतःवर फार खूश होते, हेही सांगून टाकते. आपण कसे ताठ राहिलो, कसे बधलो नाही. अशा तोऱ्यात छत्री उघडून मी यादीतल्या सहा घरांची दुसरी फेरी सुरू केली आणि पहिल्याच घरी तोंडावर आपटले.

ते घर वैशालीचं. तिशीची बाई, थोरला मुलगा इंग्रजी शाळेत दुसरीला, धाकटी मुलगी स्वरा त्या वर्षी पहिलीला जायची. वैशाली गच्चीवर कुरडया घालत होती. आम्हाला बघून खाली आली, पण या म्हटलं नाही, पाणी विचारलं नाही. आमच्याकडे दारात आलेल्याला पाणी न विचारणं म्हणजे काय, हे ज्याला समजतं त्याला पुढचं भांडण ऐकावंच लागत नाही. साचा तिच्या हातातच होता आणि त्यातून चिकाचा एक धागा लोंबत होता.

"बाई, तुमच्या व्हिडिओवर ते लिवलंय ना, आईचं मन न्हाई त्यानं शाळा चालवू नये? ते म्या लिवलंय."

ते वाक्य मला चांगलं आठवत होतं. त्याला सगळ्यांत जास्त अंगठे मिळाले होते. टोपणनाव होतं, म्हणून मी समजले होते कुणी शहरातली बाई. माझं डोकं तापलं. "वैशालीताई, राग आला होता तर वस्तीवर माझ्या तोंडावर बोलायचं. दुनियेला कशाला सांगायचं?"

"तुमी तरी हसायला दुनियेलाच बोलावलं न्हवं?"

तांबे सर खाली बघायला लागले. वैशाली आत गेली. मला वाटलं, आता दार लागणार. पण ती एक वही घेऊन आली. जाड, कडा दुमडलेली, हळदीचे डाग पडलेली दोनशे पानी वही. माझ्या हातात दिली आणि म्हणाली, "बघा."

पहिल्या पानावर इंग्रजी मुळाक्षरं. थरथरती, कुठे उलटी. मग प्राण्यांची नावं, प्रत्येक दहा वेळा. मग वार, महिने, छोटी छोटी वाक्यं. जसजशी पानं उलटत गेले तसतसं अक्षर सावरत गेलं. शेवटच्या पानांवर ते इतकं वळणदार झालं होतं की माझ्या चौथीतल्या एकाही पोराचं तसं नाही. हे पोराचं अक्षर नव्हे, हे मला पहिल्या पानावरच समजलं होतं. अक्षरं बघण्यातच माझा जन्म गेलाय.

"सातवी झाली आन् माझी शाळा बंद केली," वैशाली म्हणाली. "फुडची शाळा लांब. यष्टीनं जावं लागायचं. म्हनले, पोरीच्या जातीला कशाला. म्या लई रडले, पन कोन ऐकतंय? मंग पोरगा शाळंत गेला. त्याला अभ्यास द्यायचे. त्याला येत न्हवता, मलाबी येत न्हवता. म्या आधी शिकायचे, वहीत लिवायचे, मंग त्याला शिकवायचे. त्ये थर्माकोलचं घरबी म्याच केलं. वर्गात पयला नंबर आला त्याचा. त्या दिशी म्या शिरा केला. समदे इचारत्यात, आज काय हाय? म्हनलं, काय न्हाई, साखर उरलीती." साच्यातला धागा तुटून खाली पडला. "तुमी त्याच्यावर हसलात, बाई."

हजार माणसं शिव्या देत होती तेव्हा मला काही झालं नव्हतं. या एका वाक्याने मात्र मी ओट्यावर बसले. पोराचा अभ्यास आईने करणं चूकच. ते मी आजही म्हणेन, आणि तिच्या मुलाला स्वतःचं नाव लिहिताना अडखळताना पुढे मी पाहिलंही. पण त्या चुकीच्या आड एक बाई गुपचूप शाळेत जात होती, हे माझ्या ध्यानात आलं नव्हतं. इतकी वर्षं ओटे झिजवले, कुरडयांचं कौतुक केलं, प्रत्येक घरात पोराचं वय विचारलं. पोराच्या आईला, तुझं काय राहून गेलं गं, असं एकदाही विचारलं नाही. पणजोबा दाराबाहेर बसून पाढे म्हणत, तेव्हा ते नुसती पोरंच ऐकत असतील का, असं माझ्या मनात आलं.

"माझं चुकलं," मी म्हटलं. जी माफी मी वरच्यांना दिली नाही, फेसबुकला दिली नाही, ती माझ्या तोंडून सहज निघाली. "काढून टाकते तो व्हिडिओ. आत्ता, तुमच्यासमोर."

"नगा काढू," वैशाली म्हणाली. "मंदामावशी लई झ्याक बोलती. मलाबी हसू आलं. हसू आलं म्हनून तर राग आला." मग इकडेतिकडे बघत, आवाज खाली आणून तिने विचारलं, "बाई, सातवीच्या फुडं जायचं आसंल तर माझ्यासारखीनं कुठं जायाचं?"

मी तिला सतरा नंबरचा फॉर्म सांगितला. शाळेत न जाता बाहेरून दहावीला बसता येतं, वयाची आडकाठी नाही, आमच्या तालुक्यातल्या कितीतरी बायाबाप्ये तसे बसलेत. तिला हे ठाऊकच नव्हतं. इंग्रजी शाळेचे बॅनर गावभर लागतात, पण या फॉर्मचा बॅनर मी कुठे पाहिला नाही. ती ऐकत राहिली, मधेच उठली, तांब्याभर पाणी आणलं आणि मग म्हणाली, "चीक खाता का? गरम हाय."

तिच्या घरातून विरोध होईल असं मला वाटलं होतं, आणि झालाही. सासरे म्हणाले, आता या वयात दप्तर घिवून कुठं मिरवायचंय? नवरा उसाला पाणी धरायला जायचा आणि जाताना तिची पुस्तकं उंच फळीवर ठेवून जायचा, स्वराने फाडू नयेत म्हणून. मी वैशालीला गणित शिकवलं, तांबे सरांनी विज्ञान. मंदाताई खिचडी ढवळता ढवळता तिच्याकडून इतिहासाची उत्तरं म्हणवून घ्यायच्या आणि, काही समजत नसताना, "आता बराबर" असं ठोकून द्यायच्या. पहिल्या वेळी ती गणितात गेली. आठ दिवस शाळेकडे फिरकली नाही. नवव्या दिवशी आली, तीच वही घेऊन, मागच्या कोऱ्या पानांवर बेरजा मांडून.

यंदा निकाल लागला त्या दुपारी आम्ही पटासाठी फिरत होतो. तांबे सरांनी मोबाईलवर तिचा नंबर टाकला. गोल गोल फिरत राहिलं, रेंज जात होती, मग आलं. पास. गणितात अगदी काठावर, पण काठ म्हणजे काठच, बुडाली नाही ना! वैशाली रानात होती. मी बांधावरून छत्री हलवत ओरडले. बाई म्हणून माझी जी काही अदब आहे, ती सगळी त्या बांधावर सांडली. सासरे चाळीतल्या कांद्यांतून उठून आले आणि मला दटावून म्हणाले, "वरडता काय? पास व्हनारच हुती ती. आमची सून हाय." या दोन वर्षांत मला इतका आनंद कुठल्याच वाक्याने झाला नाही, आणि इतकं हसूही आलं नाही. हे सुख मला मिरवायचंय, आणि मी मिरवणार. उगाच विनय दाखवण्याचं माझं वय राहिलं नाही.

त्या वर्षीचा ऑनलाइन राग चार दिवसांत विरला. लोकांना चिडायला दुसरं कुणी सापडलं. तो व्हिडिओ अजून आहे. फक्त त्याच्याखाली मी एक ओळ टाकली आहे: ज्या आईला स्वतःसाठी शिकायचंय तिनेही शाळेत यावं. त्या ओळीवर कुणी भांडलं नाही, कुणी अंगठाही दिला नाही. त्या वर्षी पहिलीत चार नावं लागली आणि तांबे सर राहिले. त्यांतलं पहिलं नाव कसं लागलं, ते सांगायचं राहिलंय.

त्याच वर्षी जूनमध्ये, शाळा उघडायच्या आदल्या दिवशी वैशाली स्वराला घेऊन आली. थोरला इंग्रजी शाळेतच राहू द्यायचा, पण धाकटी इथे, असं घरात ठरलं होतं. मी प्रवेशाचा अर्ज तिच्यापुढे सरकवला. "मीच भरते," ती म्हणाली आणि त्या वळणदार अक्षरात लिहायला लागली. मुलीचं नाव. जन्मतारीख. वडिलांचा व्यवसाय, शेती. मग आईचे शिक्षण या रकान्यापाशी तिचं पेन थांबलं. आजवर त्या रकान्यात बाया सातवी, चौथी, निरक्षर असं लिहायच्या, किंवा तो रिकामा सोडून भराभर सही करायच्या. वैशालीने खिडकीबाहेर पाहिलं. मग अर्जावर वाकून दोन शब्द लिहिले: चालू आहे.

तांबे सर वाकून बघत म्हणाले, "बाई, असं चालत नाही. ऑनलाइन भरताना यादीतलंच काहीतरी निवडावं लागतं."

"ऑनलाइनचं आपण ऑनलाइन बघू," मी म्हटलं. "कागदावर हेच राहील."

आणि खाली, मुख्याध्यापकाच्या जागी, मी सही केली.